सून नसलेले घर

(मौजे कोंढा, तालुका पवनी, जिल्हा भंडारा येथे, शिक्षणासाठी बाहेरगावी जाणाऱ्या मुलामुलींच्या पालकांपुढे शाळेच्या पटांगणात दिलेले भाषण.)



पऱ्हे टाकण्याची घाई चालू आहे, आभाळ भरून आले आहे, आणि अशा वेळी हातातले काम टाकून तुम्ही येथे येऊन बसला, याबद्दल आम्ही प्रथम तुमचे आभार मानतो. आयाबाया मागे भिंतीपाशी बसल्या आहेत. त्यांनी पुढे यावे. आजचे बोलणे पुरुषांइतकेच, किंबहुना थोडे अधिकच, त्यांच्या घरचे आहे.

विषय दिसावयास लहान आहे. आपल्या गावची मुले दहावी-बारावी झाली की पवनीस, भंडाऱ्यास, नागपुरास शिकावयास जातात. कोणास सरकारी वसतिगृहात जागा मिळते, कोणास मिळत नाही. ज्यास मिळत नाही, तो आणखी तिघांना जोडीस घेऊन एक खोली भाड्याने घेतो. स्वाधारसारख्या योजनेतून कोणास भाड्याजेवणाचे पैसे मिळतात, कोणाचा बाप धान विकून पाठवितो. येथपर्यंत सर्व ठीक. पुढे ती चार मुले त्या खोलीत भांडतात. भांडली की एखादा घरी येतो. घरी आला की त्याचे शिक्षण तेथेच संपते, आणि आपण म्हणतो, 'त्याच्या नशिबात नव्हते.' नशीब वगैरे काही नाही. ताटे कोणी घासावी, या एका प्रश्नावर आपल्या मुलांची शिक्षणे अडत आहेत, हे आम्ही आज तुम्हास सांगणार आहो.

गेल्या दिवाळीत असा एक मुलगा गावी आला तो परत गेलाच नाही. नाव घेण्याचे कारण नाही. आम्ही त्याच्या घरी गेलो. बाप मजुरीवरून नुकताच आला होता. तो म्हणाला, "गुरुजी, चौघं जेवतेत अन् चौघांयचे ताट माह्या पोरालेच घासा लागते. त्यालेच काऊन, ते तुमाले समजते. भांडे घासाचे होते तं गावात का कमी होते?" यावर आम्ही काय बोलावे? आम्हास ते समजत होते.

पण गोष्ट एवढ्यावर संपत नाही. पुढे महिनाभराने त्याच खोलीतला दुसरा मुलगा परत आला. हा चांगल्या दहा-बारा एकरवाल्याचा. त्याच्या घरी गेलो तर आई म्हणाली, "तिथं लई घाण रायते, गुरुजी. पोराची तब्येत गेली." चौकशी करता कळले ते असे की, पहिला मुलगा गेल्यावर ताटे घासावयास कोणी उरले नाही. प्रत्येक जण म्हणे, मी काय घरगडी आहे? भात भांड्यात आंबला, मोरीत किडे झाले, घरमालकाने दम भरला, आणि तीन शहाण्यांची ती खोली मोडली. ज्याच्यावर सर्वांनी काम लोटले तो गेला, आणि ज्यांनी लोटले तेही गेले. चौघांपैकी आज एक शिकतो आहे; तो आपल्या गावचा नव्हे.

आता तुमच्यापैकी कोणी म्हणेल, आम्ही दहा-दहा, बारा-बारा माणसे एका घरात नांदतो. एकत्र राहावयाचे आमच्या पोरांस कोणी शिकवावे? हेच आम्हास विचारावयाचे आहे. आपल्या घरात नियम लिहिलेले नसतात, तरी घर चालते. का चालते? पहाटे उठून सडा कोण टाकतो? गुंड डोक्यावर घेऊन पाणी कोण आणतो? बांधीवर न्याहारी पोचवून परत येऊन उष्टी कोण काढतो? सून काढते. आपल्या घरचा सर्व कायदा त्या एका बाईच्या डोक्यावर ठेवलेला असतो, म्हणून तो कागदावर लिहावा लागत नाही. सासरा म्हणतो, आमचे घर कसे गुण्यागोविंदाने चालते! त्या गुण्यागोविंदात सुनेस एकदा विचारून पाहावे.

नागपुरातल्या खोलीत चार लेक असतात आणि सून एकही नसते. चौघेही आईच्या हातचे ताट पुढ्यात येण्याची वाट पाहत वाढलेले. मग ते काय करतात? आपल्यातूनच एक सून तयार करतात. ती कशी निवडावयाची याचे मोजमाप त्यांस शाळेत शिकवावे लागत नाही. ते आपण त्यांस घरून बांधून दिलेले असते. प्रथम जात पाहतात. जात सारखीच निघाली तर ज्याच्या बापाकडे जमीन नाही तो. सर्वांकडे जमीन असली तर वयाने लहान तो. कायद्याने अस्पृश्यता १९५० साली घटनेबरोबर नाहीशी केली, ही गोष्ट मुले परीक्षेत बरोबर लिहितात. पण पेपर लिहून खोलीवर आल्यावर ताट आणि तांब्या यांस तो कायदा कोणी वाचून दाखवीत नाही.

हा प्रश्न आपल्या गावचा नाही आणि आजचाही नाही. महाराष्ट्रात ज्यांनी ज्यांनी बहुजनांच्या मुलांस एका छपराखाली आणावयाचे मनात आणले, त्या सर्वांस तो आडवा आला. त्यातल्या दोन-तीन गोष्टी सांगतो.

कोल्हापुरास छत्रपती शाहू महाराजांनी १८९६ साली सर्व जातींच्या मुलांसाठी म्हणून एक वसतिगृह काढविले. दार सर्वांस उघडे, असा नियम. परंतु आतले वळण असे की, थोड्याच दिवसांत तेथे ब्राह्मणांचीच मुले राहिली. दारावर पाटी लावल्याने घर सर्वांचे होत नाही, हे महाराजांनी ओळखले. मग त्यांनी दुसरी वाट धरली. १९०१ साली मराठ्यांच्या मुलांसाठी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले, त्याच साली जैनांचे, १९०६ साली मुसलमान मुलांसाठी, १९०८ साली अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग, असे एकामागून एक. ज्याला त्याला आपले घर मिळाले, आणि खेड्यातला कुणब्याचा, कारागिराचा मुलगा प्रथमच शहरात टिकू लागला. कोणी म्हणतात, जातीजातींची वेगळी वसतिगृहे काढून महाराजांनी जाती पक्क्या केल्या. आम्हास ते पटत नाही. ज्या मुलास बसावयास जागाच नाही, त्यास पंक्तीत कोठे बसशील हे विचारण्यात अर्थ नाही. आधी जागा, मग पंक्त. पण पंक्तीचा प्रश्न मागे राहिला, हे मात्र खरे.

तो प्रश्न उचलणारा मुलगा त्याच कोल्हापुरात जैन बोर्डिंगमध्ये राहत होता. त्याचे नाव भाऊराव पायगोंडा पाटील. जन्म १८८७ साली कुंभोजचा. मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभास हा मुलगा गेला आणि परत आला, तेव्हा बोर्डिंगचा नियम त्याच्यापुढे उभा राहिला: तेथे जाऊन आलास, आता अंघोळ केल्यावाचून जेवणघरात पाऊल टाकू नकोस. भाऊरावांनी अंघोळ करण्यास नकार दिला, आणि बोर्डिंगमधून त्यांस बाहेर पडावे लागले, असे त्यांच्या चरित्रात सांगितले आहे. मंडळी, नियम पाळावा हे आम्ही शिक्षक मुलांस रोज सांगतो. पण कोणता नियम घराचा आणि कोणता नियम हाकलण्याचा, हे ओळखण्याची अक्कल त्या वयात फार थोड्यांस असते.

पुढे त्याच भाऊरावांनी १९१९ साली कऱ्हाडजवळ काले या गावी रयत शिक्षण संस्था स्थापिली, आणि १९२४ साली साताऱ्यास बोर्डिंग आणले. यात सर्व जातींची आणि धर्मांची मुले एकत्र. वेगळी खोली नाही, वेगळी चूल नाही, वेगळी पंक्त नाही. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधी तेथे आले आणि या घरास छत्रपती शाहू महाराजांचे नाव त्यांच्या हस्ते मिळाले. हे सर्व तुम्ही पुस्तकात वाचले असेल. पुस्तकात ज्यावर थोडे लिहितात ते आम्ही सांगतो. तेथे नोकर नव्हते. पाणी मुले भरीत, झाडलोट मुले करीत, भाकरी मुले भाजीत, शेतात मुले राबत. मराठ्याच्या मुलाने भाजलेली भाकर महाराच्या मुलाने खाल्ली, यात मोठेसे काही नाही. ती तर बिचारी पूर्वीही उरलीसुरली मिळतच होती. महाराच्या मुलाने भाजलेली भाकर मराठ्याच्या मुलाने खाल्ली, आणि नंतर दोघांनी पाळीप्रमाणे ताटे घासली, यात सर्व काही आहे. एका पंक्तीस बसणे एका दिवसाचे असते. सभेतही लोक बसतात, फोटो काढतात आणि घरी जाऊन हातपाय धुतात. पाळी रोजची असते. जेथे पाळी खरी आहे, तेथे पंक्त खोटी राहू शकत नाही.

येथे एक गोष्ट बोलल्यावाचून आमच्याने राहवत नाही. हे घर पहिली वर्षे कोणाच्या हातावर उभे राहिले? लक्ष्मीबाईंच्या. भाऊराव गावोगाव हिंडत. मागे मुलांचे खाणेपिणे, आजारपण, तेलपाणी ही माउली पाही. घरात दाणा नाही असे दिवस आले तेव्हा अंगावरचे सोने गेले, आणि शेवटी मंगळसूत्रही मुलांच्या पोटासाठी गेले. १९३० साली त्या वारल्या. त्यांचे नाव आम्ही हात जोडून घेतो. परंतु एवढ्या मोठ्या घरासही आधी एक बाई लागलीच, हे आपण पुरुषांनी मनात ठेवावे. मुलांनी कामाच्या पाळ्या उचलल्या म्हणून ते घर त्यांच्या मागे टिकले. नाही तर एका बाईबरोबर तेही गेले असते.

दुसरी गोष्ट गुजरातेतली. १९१५ साली गांधींनी अहमदाबादेजवळ कोचरब येथे भाड्याच्या बंगल्यात आश्रम काढला. काही महिन्यांतच दुदाभाई नावाचे अस्पृश्य गृहस्थ, त्यांची बायको आणि लहान मुलगी लक्ष्मी आश्रमात राहावयास आली. विहीर घरमालकाच्याही वापरातली. मोटेवरचा माणूस म्हणे, तुमच्या बादलीचे थेंब उडून मी बाटलो. तो शिव्या देई. गावातून येणारे पैसे बंद झाले. इतकेच नव्हे, तर आतही कुरबुर होती. कस्तुरबांस आणि इतर बायांस हे रुचले नव्हते, असे गांधींनी स्वतः लिहून ठेवले आहे. त्यांनी सर्वांस सांगितले की, शिव्या ऐका, उलट बोलू नका, आणि पाणी भरणे थांबवू नका. काही दिवसांनी मोटवाला शरमला. एका शेठजीने तेरा हजार रुपये आणून दिले, तेव्हा घर तगले. आम्हास या गोष्टीतले पैसे महत्त्वाचे वाटत नाहीत. पाणी भरणे थांबवू नका, ही आज्ञा महत्त्वाची वाटते. आपल्या मजुराच्या मुलाने खोली सोडली. त्याऐवजी खोलीतल्या एकाने जरी स्वतःचे ताट स्वतः उचलले असते, तर?

आणि झाडूची लाज वाटणाऱ्यांस आपल्या विदर्भातच उत्तर आहे. गाडगेबाबा गावात आले की कीर्तनाआधी झाडू घेऊन गाव झाडीत. त्यांनी पंढरपुरास, नाशकास, आळंदीस धर्मशाळा उभ्या केल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा १९४९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीस देऊन टाकली. आणि स्वतः झोपडीत राहिले. ज्याने घर बांधले तोच ते झाडतो, मग राहणाऱ्यास लाज कसली?

थोरांच्या गोष्टी सांगणे सोपे. आता आमची स्वतःची सांगतो, आणि ती सांगताना आमची मान खाली जाते.

आम्ही अध्यापक विद्यालयात शिकत होतो. वसतिगृहात चाळीसेक मुले. मेस मुलेच चालवीत. दर महिन्यास एक कारभारी निवडीत. एके महिन्यास आमची निवड झाली. मागच्या कारभाऱ्याच्या वेळी उधारी थकली होती, वाणी तांदूळ देईना. आम्ही कडक नियम केला: दहा तारखेपर्यंत पैसे न देणाऱ्याचे नाव फळ्यावर लिहिले जाईल, आणि पंधरा तारखेपासून ताट बंद. नियम सर्वांस सारखा. जात नाही, गाव नाही, ओळख नाही. आम्हास त्याचा मोठा अभिमान वाटला.

अकरा तारखेस फळ्यावर तीन नावे आली. दोघांनी संध्याकाळपर्यंत पैसे दिले. तिसरा मुलगा आपल्याच जिल्ह्यातला, विड्या वळणाऱ्या बाईचा. पैसे राहिले बाजूला, तो त्याच दिवसापासून जेवावयास येईना. विचारले तर म्हणाला, उपास आहे. सोमवार होता; आम्हास खरे वाटले. मंगळवारीही उपास, बुधवारीही. ताट पंधरापासून बंद व्हावयाचे होते. त्याने अकरापासूनच बंद केले. गुरुवारी रात्री आम्ही पाणी प्यावयास उठलो, तर हा रांजणापाशी अंधारात बसून कागदातले मुरमुरे पाण्यात भिजवून खात होता. आम्हास पाहून त्याने कागद मुठीत दाबला. दोघेही काही बोललो नाही.

आमचे अक्षर त्या काळी सर्वांत चांगले म्हणून फळा लिहिण्याचे काम आमच्याकडे असे. त्याचे नाव आम्ही फार सुंदर अक्षरात लिहिले होते. रात्रीच जाऊन पुसले. पण चाळीस मुलांनी ते चार दिवस वाचले होते.

दुसऱ्या दिवशी सर्वांस बसवून नियम बदलला. हिशेबाची वही कारभाऱ्याने ज्याची त्यास एकट्यास दाखवावी. फळ्यावर फक्त एकूण जमा आणि एकूण खर्च. ज्यास पैशाची अडचण आहे त्याने पहाटे बाजारातून भाजी आणावी, त्याची मजुरी त्याच्या खात्यावर जमा करावी. हे ठीक झाले असे आम्हास वाटले. तेव्हा तोच मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "भाजी मी आणतो. पण ती मजुरी आहे. ताटे घासण्याची पाळी सर्वांची तशीच राहिली पाहिजे, नाही तर महिन्याभरात तीही माझ्याकडे येईल. आणि कारभाऱ्याला ताटे माफ आहेत, ती का?" खरेच माफ होती. हिशेब लिहितो म्हणून आम्ही ताटे घासत नव्हतो, आणि ते आमच्या ध्यानातही आले नव्हते. त्या दिवसापासून आमचे नाव पाळीत लागले. आज तो मुलगा शिक्षक आहे. नियम सर्वांस सारखा असला म्हणजे न्याय झाला, हे आम्ही त्याच्याकडून विसरलो.

याच अनुभवावरून काही गोष्टी सुचवितो. शहरातल्या खोलीवर बाहेरचा कोणी देखरेख करणार नाही. मुलांनाच ठरवावे लागेल.

पहिली पैशाची. खोलीचे भाडे घरमालक ठरावीक तारखेस मागतो. पण आपल्याकडे पैसा त्या तारखेस येत नाही. नोकरदाराचा पगार पहिल्या आठवड्यात, विडी वळणारीस हिशेब होईल तेव्हा, आणि धानवाल्यास धान निघून विकल्यावर, म्हणजे पावसाळाभर त्याचा हात रिकामाच. हे चौघांनी पहिल्याच दिवशी एकमेकांस मोकळेपणाने सांगावे. कोणाचा पैसा केव्हा येतो हे माहीत असले की उशिरास लबाडी म्हणावयाचे कारण उरत नाही. दोन-दोन महिन्यांचे भाडे ज्याच्याकडे आधी येते त्याने भरावे, दुसऱ्याने पुढचे भरावे. सर्व वहीत लिहावे. तोंडी उधारीने सख्खे भाऊ वेगळे निघतात, हे आपणास सांगावयास नको.

दुसरी खाण्याची. आपला मुलूख तलावांचा, मासे खाणारा; पण चौघांत एखादा माळकरी निघतो. त्याने इतरांच्या मासळीस नाक मुरडू नये, इतरांनी त्याच्या भातात कालवण सांडू नये. मासळीची कढई वेगळी ठेवावयाची तर खुशाल ठेवा. पदार्थाचे भांडे वेगळे असू द्या. माणसाचे भांडे वेगळे नको. मुलगा खोलीवर निघाला की आई त्याच्या पिशवीत त्याचे ताट, त्याचा गडवा घालते आणि कानात सांगते, दुसऱ्याच्यात जेवू नको हो. माउली, तू मायेने सांगतेस. पण त्या पिशवीतून तू काय पाठवितेस ते पाहा.

झोपणे-उठणे, दिवा, मोबाईलचा आवाज, यांवर फार बोलत नाही. रात्री अकरानंतर कानास लावून ऐकावे, एवढे पुरे आहे. नियम थोडे असावेत. पंचवीस नियमांची यादी भिंतीवर लावणारी खोली आम्ही पाहिली आहे. यादी शाबूत होती, खोलीत कोणी नव्हते.

कामाच्या पाळ्या मात्र लिहून लावाव्यात, आणि त्यात संडास घासण्याचीही पाळी असावी. बहुतेक ठिकाणी याद्यांत तेवढेच एक काम नसते. महिन्यातून एकदा चौघांनी बसून पाळ्या पुन्हा लावाव्यात, आणि बसल्यावर प्रथम जो सर्वांत कमी बोलतो त्याने बोलावे. मोठ्या तोंडाचा आधी बोलला की बाकीचे "बरोबर आहे" म्हणून उठतात. ग्रामसभेत आपण हे दर वेळी पाहतो.

आता थोडे पालकांविषयी. रागावू नका. बाप मुलास भेटावयास जातो. खोलीतल्या एकुलत्या खाटेवर बसतो. चपला दारात, पिशवी मध्यभागी. मग म्हणतो, "पाणी आण रे." कोणास? स्वतःच्या मुलास नव्हे. जो सर्वांत गरीब दिसेल त्यास. पाणी पिऊन विचारतो, "तुझे आडनाव काय?" आडनाव ऐकून गडव्याकडे एकदा पाहतो. मग दोन दिवस राहून गावी येतो आणि सांगतो, पोरगा मजेत आहे. मागे चार महिन्यांत त्या मुलांनी जे जमविले असेल ते या दोन दिवसांत मोडते. तेव्हा जो जाईल त्याने आपले पाणी आपण उठून घ्यावे, जेवल्यावर ताट मोरीपर्यंत न्यावे, आणि आडनाव विचारण्याची इतकीच हौस असेल तर आधी नाव विचारावे, कोणत्या वर्गात आहेस ते विचारावे.

मुलींविषयी एक शब्द. लोक म्हणतात, मुलींच्या खोल्या टिकतात, त्यांस उपजतच समज असते. उपजत काही नसते. सातव्या वर्षापासून तिच्या हातात झाडू दिला म्हणून तिला येते. मुलाच्या हातात दिला असता तर त्यालाही आले असते. आणि मुलींच्या वसतिगृहातही एक मुलगी कोपऱ्यात एकटी जेवते, असे आम्ही ऐकतो. तेथेही हेच बोलणे लागू आहे. मुलीस पाठवितानाही आपण तिला सांभाळून राहा म्हणतो. ती जेवते कोणाबरोबर, हे विचारीत नाही.

त्या परत आलेल्या दोन मुलांच्या घरी आम्ही गेल्या आठवड्यात पुन्हा जाऊन आलो. मजुराचा मुलगा यंदा परत जावयास तयार आहे. त्याची एकच अट आहे की पाळ्या आधी लिहून घ्याव्यात. दहा एकरवाल्याच्या मुलास विचारले. तो खाली मान घालून म्हणाला, "गुरुजी, मले भात शिजवता येत नाई." त्याची आई हसली. आम्हास हसू आले नाही. सतराव्या वर्षी ज्यास एक वाटी तांदूळ शिजविता येत नाही, त्यास आपण एकट्याने जगावयास नागपुरास पाठविले होते.

म्हणून ठरविले आहे ते सांगतो आणि बसतो. येत्या रविवारी सकाळी सात वाजता बाहेरगावी जाणाऱ्या सर्व मुलांनी येथेच शाळेत यावे. तांदूळ प्रत्येकी दोन वाट्या, डाळ अर्धी वाटी. ज्याच्या घरी डाळ नसेल त्याने जळण आणावे. मुले शिजवितील, आम्ही शेजारी उभे राहू, हात लावणार नाही. मुली त्या दिवशी काही करणार नाहीत. त्या आधी जेवतील. भात करपला तर करपलेला खाऊ. जेवणानंतर कोण कोणाबरोबर खोली घेणार ते ठरवू आणि पाळ्या तेथेच लिहू. ते दोघे मुलगे एकाच खोलीत राहावयास तयार आहेत की नाही, हे त्यांनी त्या दिवशी आपापले सांगावे. त्यांच्या बापांनी त्या वेळी बोलू नये. रोवणीचे काम असेल त्यांनी आज सांगावे, म्हणजे वेळ मागेपुढे करू. ताटे घरून आणावीत; ओळखू यावीत म्हणून त्यांवर नावे मात्र घालू नयेत.